नव्या पीसीवर लिनक्समध्ये आवाज नाही, किंवा येऊन परत जातो: नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

नवा पीसी जोडला, लिनक्सचं उबुंटू किंवा मिंट टाकलं, वायफाय लागलं, स्क्रीन झकास दिसते आणि आवाज मात्र नाही. किंवा पहिल्या दिवशी गाणी वाजली आणि दुसऱ्या सकाळी पीसी चालू केला तर सगळं गप्प. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून घरी जोडलेले असोत किंवा दुकानातून तयार कॅबिनेट रिक्षात घालून ठाण्याला किंवा नेरुळला आणलेलं असो, तक्रार हीच असते.

अशा वेळी बहुतेक जण आधी ऑडिओची पॅकेजेस काढून परत टाकतात. ते करू नका. नव्या पीसीवर आवाज बहुतेक वेळा तयार होत असतो, फक्त तुमच्या स्पीकरकडे न जाता दुसरीकडे जात असतो. पॅकेज बदलून वाट बदलत नाही, उलट जे धड चालू होतं तेही बिघडतं. आवाजाचा प्रवास तीन टप्प्यांत होतो: वायर आणि मदरबोर्ड, मग कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) अल्सा ड्रायव्हर, म्हणजे साउंड कार्ड चालवणारा भाग, आणि वर पाइपवायर, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज आउटपुटकडे पाठवणारी सेवा. कोणत्या टप्प्यावर अडलंय ते कळलं की उपाय सहसा दहा मिनिटांचा असतो.

कमांड इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान लिपीत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं किंवा स्पेलिंगमध्ये गल्लत होऊ शकते तिथे तसं सांगितलंय.

आधी वायर

मदरबोर्डच्या मागे तीन गोल जॅक असतील तर हिरवा स्पीकरचा, निळा लाइन-इन आणि गुलाबी माइकचा. काही बोर्डांवर सगळे जॅक काळे असतात, तिथे शेजारची छोटी खूण बघा. स्पीकरची पिन निळ्यात गेली तर आवाज येणारच नाही आणि सॉफ्टवेअरमध्ये चूक कुठेच दिसणार नाही. स्पीकर स्वतः चालतोय का, हे टीव्हीच्या किंवा जुन्या फोनच्या हेडफोन जॅकला लावून एकदा बघून घ्या. २.१ स्पीकरच्या सब-वूफरमागे वेगळं बटण असतं, ते बंद राहिलेलं पुष्कळदा सापडतं.

पुढच्या जॅकचा प्रश्न वेगळा आणि जास्त फसवा. कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोन जॅकपासून एक वायर मदरबोर्डच्या खालच्या कडेला, मागच्या पॅनलच्या बाजूच्या कोपऱ्यात येते. तिथल्या हेडरवर (पिनांच्या छोट्या गटावर) 'एचडी ऑडिओ', 'एएएफपी', 'जेएयूडी१' किंवा 'एफ_ऑडिओ' असं लिहिलेलं असतं. त्याला दोन ओळींत मिळून दहा जागा आणि नऊ पिना असतात; आठ नंबरची जागा रिकामी असते. यूएसबी २.० च्या हेडरलाही नऊच पिना, पण तिथे नऊ नंबरची, म्हणजे कोपऱ्यातली जागा रिकामी असते. टॉर्च मारून बघितलं की फरक लगेच कळतो: ऑडिओच्या हेडरवर खळगा ओळीच्या टोकाला नसून टोकापासून एक घर आत असतो. प्लग बसत नसेल तर जोर लावू नका, चुकीच्या हेडरवर हात आहे. प्रवासात हा प्लग अर्धा निसटू शकतो. पॉवर केबल काढून तो नीट दाबून बसवा.

जुन्या कॅबिनेटच्या त्याच वायरला दोन प्लग असतात, एक एचडी ऑडिओचा आणि एक एसी'९७ या जुन्या पद्धतीचा. एचडी ऑडिओचाच लावायचा. एसी'९७ मध्ये 'जॅकमध्ये काही घातलंय का' हे कळवणारी तार नसते, त्यामुळे बोर्डची गफलत होते. त्याला वाटतं पुढे हेडफोन कायमच लावलेला आहे, आणि मग तो मागचा हिरवा जॅक बंद करून टाकतो. मागे आवाज नाही, पुढेही नाही, आणि दोष मात्र पुढच्या वायरचा. मदरबोर्डवर 'स्पीकर' असं लिहिलेल्या चार पिना असतात, त्या फक्त बीप करणाऱ्या चकतीसाठी असतात. तिथे हेडफोनची वायर जोडायची नसते.

बायोसमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, एकच गोष्ट बघायची: 'एचडी ऑडिओ कंट्रोलर' किंवा 'ऑनबोर्ड ऑडिओ' चालू आहे का. पीसी चालू होताना डिलीट दाबत राहा. हा पर्याय अ‍ॅडव्हान्स्डखाली ऑनबोर्ड डिव्हायसेस, इंटिग्रेटेड पेरिफेरल्स किंवा आयओ पोर्ट्स अशा नावाच्या भागात सापडतो.

कर्नलला काय दिसतंय

आता टर्मिनल उघडा आणि ही कमांड द्या:

एप्ले -एल

एप्ले म्हणजे ए-पी-एल-ए-वाय, पुढे लहान एल. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या साध्या बोर्डवर साधारण असं दिसतं:

कार्ड ०: जनरिक, डिव्हाइस ३: एचडीएमआय ०
कार्ड १: जनरिक_१, डिव्हाइस ०: एएलसी८९७ अ‍ॅनालॉग

इंटेलच्या बोर्डवर 'एचडीए इंटेल पीसीएच' हे एकच कार्ड असतं आणि त्याच्याखाली अ‍ॅनालॉग डिव्हाइस ० वर, तर एचडीएमआयचे ३, ७, ८ असे. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचं स्वतःचं आणखी एक ऑडिओ कार्ड यादीत येतं. या यादीत 'अ‍ॅनालॉग' शब्द कुठल्या कार्डसमोर आहे तो नंबर कागदावर लिहून ठेवा, पुढे सारखा लागेल. स्पीकर किंवा हेडफोन त्या कार्डावर आहेत. एचडीएमआयचं कार्ड म्हणजे मॉनिटर.

'अ‍ॅनालॉग' दिसतंय, तर कर्नलला कार्ड सापडलंय. आता मधलं पाइपवायर टाळून थेट कार्डला आवाज द्या. वरच्या उदाहरणात अ‍ॅनालॉग कार्ड १, डिव्हाइस ० आहे, म्हणून:

स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वेव्ह -डी प्लगएचडब्ल्यू:१,०

इथे -डी मधला डी मोठ्या लिपीतला आणि वेव्ह म्हणजे फक्त डब्ल्यू-ए-व्ही, शेवटी ई नाही. डावीकडून 'फ्रंट लेफ्ट', उजवीकडून 'फ्रंट राइट' असं एक बाई म्हणताना ऐकू आली की हार्डवेअर, वायर आणि ड्रायव्हर तिन्ही ठणठणीत. कंट्रोल-सी दाबून थांबवा. 'डिव्हाइस बिझी' असा संदेश आला तर घाबरू नका: ब्राउझर, प्लेअर सगळं बंद करा, पाच-दहा सेकंद थांबा आणि परत द्या. वापरात नसलेलं कार्ड पाइपवायर साधारण पाच सेकंदांनी सोडून देतं.

टेस्टमध्ये आवाज आला पण यूट्यूबवर येत नाही, तर गडबड वरच्या टप्प्यात. टेस्टमध्येही नाही, तर मिक्सर किंवा वायर. नव्या पीसीवर पहिलीच शक्यता जास्त असते, म्हणून आधी तीच.

आवाज मॉनिटरकडे पळालाय

ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीवर हेच कारण सर्वांत जास्त वेळा निघतं. पुष्कळ मॉनिटरना स्पीकर नसतोच, पण एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून मॉनिटर 'मी आवाज घेऊ शकतो' असं कळवतो. मग पाइपवायर त्यालाच मुख्य आउटपुट ठरवतं आणि गाणी स्पीकर नसलेल्या पडद्याकडे जातात. व्हॉल्यूमची पट्टी वरखाली होते, मीटर नाचतो, ऐकू काही येत नाही.

पॅव्हूकंट्रोल हा आउटपुट निवडायचा प्रोग्रॅम टाका. नाव पी-ए-व्ही-यू आणि पुढे कंट्रोल, उबुंटू-मिंट-डेबियनवर:

सुडो एप्ट इन्स्टॉल पॅव्हूकंट्रोल

शेवटचा टॅब 'कॉन्फिगरेशन' उघडा. प्रत्येक कार्डापुढे प्रोफाइलची यादी असते. अ‍ॅनालॉगच्या कार्डाला 'अ‍ॅनालॉग स्टीरिओ डुप्लेक्स' द्या. ग्राफिक्सच्या कार्डाला 'ऑफ' द्या. मग 'आउटपुट डिव्हायसेस' टॅबवर जाऊन उरलेल्या आउटपुटसमोरच्या हिरव्या खुणेवर क्लिक करा आणि पोर्टच्या जागी मागच्या जॅकसाठी 'लाइन आउट', पुढच्यासाठी 'हेडफोन्स' आहे ना ते बघा. पोर्टपुढे 'अनप्लग्ड' लिहिलेलं असलं तरी तो निवडता येतो. पण पिन लावलेली असूनही 'अनप्लग्ड' म्हणत असेल तर जॅकची ओळख चुकतेय, त्याबद्दल पुढे येईल. शेवटी 'प्लेबॅक' टॅबवर ब्राउझरचीच पट्टी म्यूट नाही ना, तेही एकदा बघून घ्या.

आवाज येतो आणि रीस्टार्टनंतर जातो, या तक्रारीचं मूळही इथेच असतं. मॉनिटर झोपून उठला, केबल दुसऱ्या पोर्टला लावली, बूट होताना मॉनिटर बंद होता, अशा प्रत्येक वेळी एचडीएमआयचं आउटपुट गायब होऊन परत उगवतं आणि मुख्य आउटपुट बदलू शकतं. सेटिंग्जमध्ये दर वेळी स्पीकर निवडत बसणं हा तात्पुरता इलाज झाला. मॉनिटरला स्पीकर नसेल तर त्या कार्डाची प्रोफाइल 'ऑफ' ठेवणं हा कायमचा. ही निवड लक्षात ठेवली जाते.

टर्मिनलमधून काम करणाऱ्यांसाठी डब्ल्यूपीसीटीएल आहे. 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' दिल्यावर 'सिंक्स'खाली आउटपुटची यादी येते, मुख्य आउटपुटपुढे चांदणी असते. समजा तुमचं अ‍ॅनालॉग ५२ नंबरवर आहे, तर:

डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट ५२

मात्र हा नंबर दर बूटला बदलू शकतो, म्हणून तो कुठल्या स्क्रिप्टमध्ये टाकू नका. सगळं इतकं गुंतलं असेल की काय निवडलंय तेच कळत नाही, तर होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेली फोल्डर्स दाखवा, .लोकलमध्ये स्टेट, त्यात वायरप्लंबर (पाइपवायरच्या निवडी सांभाळणारा साथीदार) नावाचं फोल्डर आहे ते काढून टाका आणि द्या:

सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स

जुन्या सगळ्या निवडी पुसल्या जातात आणि पाइपवायर कोऱ्या पाटीवर सुरू होतं. इथे सुडो लावायचा नाही. आवाजाची ही सेवा तुमच्या स्वतःच्या खात्यातून चालते, रूटमधून नाही.

मिक्सर आणि ऑटो-म्यूट

थेट टेस्टमध्येही आवाज आला नसेल तर अल्सामिक्सर उघडा (ए-एल-एस-ए आणि पुढे मिक्सर, सगळं जोडून). एफ६ दाबून खरं कार्ड निवडा; आधी जे दिसतं ते पाइपवायरचं एकच पट्टीचं आभासी कार्ड असतं, त्यावर काही सापडणार नाही. आता मास्टर, हेडफोन, फ्रंट, पीसीएम अशा उभ्या पट्ट्या दिसतील. प्रत्येकीखाली छोटा चौकोन असतो: त्यात दोन एम असतील तर म्यूट, दोन शून्यं असतील तर चालू. बाणाने त्या पट्टीवर जा आणि एम दाबा. मास्टर, फ्रंट आणि हेडफोन या तिघी चालू हव्यात. मागचा हिरवा जॅक बहुतेक बोर्डांवर 'फ्रंट'ने चालतो, हे नाव भल्याभल्यांना चकवतं.

उजवीकडे सरकत गेलं की 'ऑटो-म्यूट मोड' लागतो. हे चालू असलं की पुढे हेडफोन लावताच मागचे स्पीकर बंद होतात, आणि ते सोयीचंच आहे. पण पुढचा जॅक 'काहीतरी लावलंय' असं खोटंच कळवत असेल तर मागचे स्पीकर कायमचे गप्प. बाणाने तो 'डिसेबल्ड' करा. लगेच आवाज आला तर दोषी सापडला: एसी'९७ प्लग, तिरका बसलेला हेडर किंवा जॅकमधली बिघडलेली कळ. ३.५ मिमीच्या जॅकमध्ये पिन आत गेली की एक पातळ पत्रा हलतो, त्यावरून बोर्डला कळतं. खाडीकाठच्या दमट हवेत, चार महिने पावसाळा झाला की या पत्र्यावर थर चढतो. पीसी बंद करून पिन दहा-पंधरा वेळा आतबाहेर करा. पिनेला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलंत तर उत्तम, मात्र ते थेट जॅकमध्ये ओतू नका आणि वाळल्याशिवाय पीसी चालू करू नका.

मिक्सरमध्ये केलेले बदल जपून ठेवायला:

सुडो अल्साकंट्रोल स्टोअर

ही कमांड ए-एल-एस-ए-सी-टी-एल अशी लिहायची, सीटीएलचा उच्चार 'कंट्रोल' करतात एवढंच. एरवी हे काम पीसी नीट शटडाउन होताना आपोआप होतं. पण संध्याकाळी लाइट गेली आणि यूपीएस नसेल तर शटडाउन होतच नाही, बदल साठवले जात नाहीत आणि पुढच्या वेळी जुनी म्यूट केलेली अवस्था परत येते. 'काल नीट होतं, आज गेलं' यामागे कित्येकदा एवढंच असतं. म्हणून बदल केला की हाताने स्टोअर करा.

कार्डच दिसत नाही

सेटिंग्जमध्ये 'डमी आउटपुट' एवढंच असेल आणि एप्लेला एकही कार्ड सापडत नसेल, तर गोष्ट कर्नलमध्ये अडली आहे. द्या:

एलएसपीसीआय -के

आणि 'ऑडिओ' शब्द असलेल्या ओळी शोधा. कंट्रोलरची ओळच नसेल तर बायोसकडे परत जा. ओळ आहे, पण तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज: एसएनडी_एचडीए_इंटेल' असं नसेल, तर ड्रायव्हरचं मॉड्युल कर्नलमध्ये चढलेलं नाही. नावात इंटेल असलं तरी एएमडी आणि एनव्हिडियाच्या ऑडिओलाही हाच ड्रायव्हर चालवतो, त्यामुळे रायझनवर तो बघून गोंधळू नका.

उबुंटूवर एक नेमकं कारण असतं: आवाजाची मॉड्युल्स 'लिनक्स-मॉड्युल्स-एक्स्ट्रा' या वेगळ्या पॅकेजात असतात, आणि किमान इन्स्टॉल किंवा हाताने टाकलेल्या कर्नलसोबत ते राहून जातं. 'यूनेम -आर' दिल्यावर येणारा पूर्ण नंबर त्या नावापुढे डॅश देऊन जोडा आणि ते पॅकेज टाका. बोर्ड अगदी नवा आणि उबुंटू जुनं असेल तर कर्नल बदला: २२.०४ मूळ ५.१५ कर्नल घेऊन आलं होतं, २४.०४ मूळ ६.८. २४.०४ वर 'लिनक्स-जनरिक-एचडब्ल्यूई-२४.०४' हे पॅकेज नवा कर्नल आणतं. उलट, अपडेटनंतर लगेच आवाज गेला असेल तर ग्रबमध्ये (बूट होताना येणाऱ्या यादीत) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून मागचा कर्नल बूट करून बघा. त्यात आवाज आला की दोष कर्नलचा, तुमच्या सेटिंगचा नाही.

विंडोजही त्याच पीसीवर असेल आणि विंडोजमधून लिनक्समध्ये आल्यावरच आवाज जात असेल, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. विंडोज बोर्डवरच्या आवाजाच्या (कोडेक) चिपला अर्धवट झोपेत सोडून जातं आणि लिनक्सला ती सापडत नाही. कर्नलच्या नोंदींत 'नो कोडेक्स' किंवा 'कोडेक प्रोब एरर' असं दिसतं. अडकलेली चिप मोकळी करायला पीसी बंद करा, एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) मागचं बटण बंद करा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि अर्ध्या मिनिटाने चालू करा.

महागड्या बोर्डांची वेगळी गोष्ट

एएलसी४०८० किंवा एएलसी४०८२ चिप असलेले बोर्ड दिसायला तसेच, पण त्यांचा ऑडिओ आतून यूएसबीला जोडलेला असतो. एप्लेमध्ये एएलसी नाव येत नाही, 'यूएसबी ऑडिओ' येतं, आणि ड्रायव्हर एसएनडी_यूएसबी_ऑडिओ असतो. अशा बोर्डवर कर्नलने 'नो कोडेक्स फाउंड' म्हटलं तरी त्यात काही बिघाड नाही, तो दुसऱ्या रिकाम्या कंट्रोलरबद्दल बोलतोय. खरी अडचण अशी की एका यूएसबी कार्डावर मागचा जॅक, पुढचा जॅक आणि डिजिटल आउटपुट वेगवेगळ्या डिव्हाइस नंबरवर असतात, आणि कोणता नंबर कशाचा हे 'अल्सा-यूसीएम-कॉन्फ' पॅकेजला माहीत असावं लागतं. बोर्ड पॅकेजपेक्षा नवा असेल तर फक्त 'डिजिटल' आउटपुट दिसतं. पॅकेज अपडेट करा. तोवर पॅव्हूकंट्रोलमध्ये 'प्रो ऑडिओ' प्रोफाइल निवडा, सगळी आउटपुटं सुटी दिसतील, एकेक लावून बघा.

'पॅक्टीएल इन्फो' (पी-ए-सी-टी-एल) दिल्यावर सर्व्हरच्या नावात 'ऑन पाइपवायर' असायला हवं. उबुंटू २२.१० पासून आणि मिंट २२ पासून पाइपवायर मुळातच आहे. जुना सल्ला वाचून कुणी पल्सऑडिओ ही पाइपवायरच्या आधीची सेवाही टाकली असेल तर दोघं एकाच कार्डासाठी भांडतात. पल्सऑडिओ पॅकेज काढा, पाइपवायर-पल्स ठेवा. स्वतःला 'ऑडिओ' ग्रुपमध्ये घालायचा सल्लाही जुनाच, आज त्याची गरज नाही.

आवाज येतो पण प्रत्येक नोटिफिकेशनची सुरुवात कापली जाते किंवा 'टक' असा आवाज होतो, तर कार्ड वीज वाचवायला झोपतंय. एटसी फोल्डरातल्या मॉडप्रोब.डीमध्ये .कॉन्फ शेवट असलेली एक फाइल करून तिच्यात ही ओळ लिहा आणि रीस्टार्ट करा:

ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०

एवढं करूनही शंका राहिली तर नव्यात नवी फेडोरा किंवा उबुंटू पेनड्राइव्हवर घेऊन लाइव्ह बूट करा, काहीही इन्स्टॉल न करता. तिथे आवाज आला तर बोर्ड चांगला आहे, डिस्कवरच्या सिस्टिमचं काम बाकी आहे. तिथेही आला नाही आणि मागचा-पुढचा दोन्ही जॅक मुके असतील, तर बोर्ड वॉरंटीत द्या. बहुतेक मदरबोर्डना आपल्याकडे तीन वर्षं असतात, फक्त बिल जपून ठेवलेलं हवं. बोर्ड परत येईपर्यंत यूएसबीचा छोटा साउंड अ‍ॅडॉप्टर लावा. तो काही शे रुपयांत मिळतो, लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर मागत नाही आणि एप्लेच्या यादीत लगेच येतो.